चार इंजिनं आणि एक सुतळी

गाडी घ्यायची म्हटल्यावर घरात रंगावरून भांडणं होतील, एवढीच माझ्या मनाची तयारी होती. पण शोरूममधल्या त्या तरुणाने रंगाचा विषयच काढला नाही. रिपोर्ट वाचण्याआधी डॉक्टर करतात तसा चष्मा सारखा करून तो म्हणाला, "सर, पॉवरट्रेन कुठली बघताय?"

कुणी 'सर' म्हणालं की माझ्या अंगात एक खोटा जाणकार संचारतो. इंजिनापासून चाकापर्यंत जोर पोचवणाऱ्या सगळ्या गोतावळ्याला पॉवरट्रेन म्हणतात, हे मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. तरी मी मान किंचित तिरकी करून विचारलं, "तुमच्याकडे काय काय आहे?"

इथेच घात झाला.

आम्ही बघत होतो ती कॉम्पॅक्ट लक्झरी एसयूव्ही. या जातीत कॉम्पॅक्ट म्हणजे साडेचार मीटरच्याही पुढे गेलेली गाडी, तेव्हा शब्दांवर विश्वास ठेवायचा नाही हे तिथेच कळायला हवं होतं. टर्बो पेट्रोल, माइल्ड हायब्रिड, नुसतंच हायब्रिड, प्लग-इन हायब्रिड, असं एकेक पान सरकत गेलं. टर्बोपर्यंत मी तग धरला. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं आणि लहान इंजिन मोठ्याचा आव आणतं. हे मला लगेच पटलं, अशी माणसं माझ्या ऑफिसात आहेत.

माइल्ड हायब्रिडला 48 व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती इंजिनाला मागून हात लावते, पण गाडी एकटीच्या बळावर ओढायची म्हटलं की सहसा अंग काढून घेते. सोफा हलवताना मी असाच उभा असतो, असं बायको हळूच म्हणाली. तो मुलगा हसला नाही. त्याला तशी ताकीद असावी.

मग आलं खरं हायब्रिड. एक पेट्रोल इंजिन, सोबत विजेची मोटर. इंजिनाची ताकद साधारण 190 अश्वशक्ती, मोटरची 180. एकूण? "दोनशे चाळीसच्या आसपास, सर."

बायको बेरजेच्या बाबतीत कुणाचीही भीड ठेवत नाही. "तीनशे सत्तर व्हायला हवेत. बाकीचे एकशे तीस घोडे कुठे बांधलेत?"

मुलगा टॅब्लेटच्या मागे गेला. घरी येऊन मी शोध घेतला तर घोडे चोरीला गेलेले नव्हते. मोटर कितीही दांडगी असली तरी छोटी बॅटरी तिला एका वेळी मोजकीच वीज देते, आणि दोघांचा जोर एकाच क्षणी शिगेला पोचतही नाही. त्यातून घोडाही एका मापाचा नाही. जेम्स वॉटच्या हिशेबाचा घोडा सुमारे 746 वॉटचा आणि मेट्रिक घोडा 735.5 वॉटचा. एकच गाडी एका पत्रकात जरा धष्टपुष्ट आणि दुसऱ्यात जरा रोडावलेली दिसते ती यामुळे.

नावांची तर निराळीच कथा. लेक्सस एनएक्स 350 मध्ये साडेतीन लिटरचं इंजिन असेल असं कुठल्याही सरळ माणसाला वाटेल, तर ते निघालं 2.4 लिटरचं टर्बो. मर्सिडीज जीएलसी 300 मध्ये दोन लिटर. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणावं, तर तो वाळाही चांगला पळतो म्हणे, त्यामुळे धड तक्रारही करता येत नाही.

खरा जीव रमला तो हायब्रिडच्या गिअरबॉक्समध्ये, कारण काही हायब्रिडमध्ये नेहमीचे गिअर नसतातच. मधे एक सूर्यचक्र, त्याच्याभोवती फिरणारी ग्रहचक्रं आणि बाहेरून एक कडं. टोयोटाने 1997 साली प्रियस आणली तेव्हापासून हीच ग्रहमाला चालू आहे. सूर्याला जनरेटर जोडलेला, ग्रहांना इंजिन, कड्याकडून जोर चाकांकडे. इंजिन आणि मोटर यांचा मेळ कुठल्या वेगाला कसा बसवायचा ते ही ग्रहमाला ठरवते. रात्री साडेअकरापर्यंत मी वाटी, झाकण आणि पाच बांगड्या घेऊन हे टेबलावर मांडत बसलो. बांगड्या परत मागितल्या गेल्या.

तरी मन प्लग-इनवर जडलं होतं. 18 युनिटची बॅटरी, रोजची ये-जा पेट्रोलचा थेंबही न जाळता, आणि लांबच्या प्रवासाला इंजिन आहेच. मी हे दोन दिवस जेवताना, दात घासताना, लिफ्टमध्ये सांगत होतो. तिसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, "चार्ज कुठे करणार?"

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गाडी उभी राहणार खाली, भिंतीच्या कडेला. साध्या घरगुती पिनेवर ही बॅटरी भरायला जवळपास अख्खी रात्र लागते, म्हणजे अख्खी रात्र वायर खिडकीतून लोंबणार. किती मीटर लागेल ते तरी बघू म्हणून मी सुतळीला कुलूप बांधलं आणि बेडरूमच्या खिडकीतून खाली सोडलं. दुसऱ्या मजल्यापाशी ते कुंडीत अडकलं. हिसका दिल्यावर सुटलं आणि पहिल्या मजल्याच्या ग्रिलवर घंटेसारखं वाजलं.

"कोण आहे?" खालच्या काकूंचा आवाज.

"मी आहे काकू, मोजतोय."

"काय?"

"गाडीची वायर."

"गाडी कुठाय?"

"अजून घेतली नाही."

यावर काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

त्या रात्री वाचलं की युरोपीय आयोगाने 2024 मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांच्या प्रत्यक्ष नोंदी तपासल्या, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. कारण गृहीत धरलं होतं तितकं लोक त्या चार्ज करतच नाहीत. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तो असा. बॅटरी रिकामी, आणि तिचं ओझं पेट्रोलने वाहायचं. जगात इतक्या लोकांच्या खिडक्या तिसऱ्या मजल्यावर आहेत, हे वाचून मला फार बरं वाटलं.

सकाळी मी शोरूमला फोन करून नुसतं हायब्रिड सांगितलं. "उत्तम निवड, सर," तो मुलगा म्हणाला, "आता रंग?" घरात पांढरा, निळा आणि काळा असे तिघे एकदम ओरडले. फोनवर हात ठेवून मी सुतळी गुंडाळायला खिडकीपाशी गेलो, तर ती वर येईना. वाकून पाहिलं. पहिल्या मजल्यावर काकूंनी तिला चिमटे लावून चार मोजे वाळत घातले होते.