‘बिस्किटावर ओतलेलं शिकरण’ म्हणणाऱ्या कमेंटला माझं उत्तर

मागच्या आठवड्यात मी बनाना क्रीम पायची रेसिपी टाकली होती (अमेरिकन गोड पदार्थ, खाली क्रस्ट म्हणजे तळाचा भाजलेला थर, मध्ये केळी आणि कस्टर्ड, वर क्रीम), त्याखाली एक कमेंट आलीय. एरवी मी खालच्या खाली दोन ओळी लिहून मोकळी होते पण ह्या वेळी लिहायला बसले आणि थांबताच येईना म्हणून वेगळी पोस्टच करतेय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी कमेंट जशीच्या तशी देते:

“काकू, हा बनाना क्रीम पाय नाही, हे बिस्किटावर ओतलेलं शिकरण आहे. अंड्याचं पिवळं नाही, मैद्याचा क्रस्ट नाही, सगळं कस्टर्ड पावडरवर भागवलंय. ५ चमचे लिहिलंय, चमचा कुठला ते नाही. मी केला तर सेट झालाच नाही, दुसऱ्या दिवशी ताटलीत पाणी. अमेरिकन पदार्थ शिकवायचे तर आधी स्वतः शिकून घ्या.”

जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. चमच्याचं खरंय. मी “५ चमचे कस्टर्ड पावडर” एवढंच लिहिलं, तिथे ५ टेबलस्पून असं लिहायला हवं होतं, म्हणजे १५ मिलीचा मोठा चमचा, सपाट भरून. पोस्टमध्ये दुरुस्त केलंय. धन्यवाद.

आता बाकीचं. तुम्ही मला काकू म्हणालात, त्याचं मला काही वाटलं नाही, माझ्या मुलीच्या मैत्रिणी पण काकूच म्हणतात. पण काकू म्हणायचं आणि पुढच्याच शब्दापासून अंगावर यायचं ही कुठली पद्धत? तुमच्या सख्ख्या काकूने पानात काही वाढलं असतं आणि ते बिघडलेलं असतं तर तिला तुम्ही “आधी स्वतः शिकून घे” म्हणाला असतात का? नसतात म्हणालात. “काकू, माझा सेट झाला नाही, कुठे चुकलं असेल?” असं विचारलं असतंत तर मी त्याच दिवशी उत्तर दिलं असतं, फोटो मागवला असता. इतकी वर्षं लिहितेय, माझ्या वाचकांना माहितीय मी कुणाला उत्तराशिवाय ठेवत नाही ते.

पण खरं मला जे लागलं ते शिकरण.

शिकरण हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलात. माझं माहेर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं. आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते, घर मोठं आणि पगार बेताचा, आणि घरात आला-गेला कायम. संध्याकाळी साडेसातला कुणी पाहुणा दारात उभा राहिला की आजी आतून मला हाक मारायची, “लारीवरून सहा केळी आण गं” (लारी म्हणजे आमच्याकडची हातगाडी), आणि मी पळत जायची. केळी हाताने कुस्करायची, सुरीने नाही, वरून गार दूध, साखर, वेलची, असली तर जायफळाची चिमूट, आणि गरम पोळीबरोबर पाहुण्याच्या पानात. दहा मिनिटांत गोडाचं जेवण. त्या घरातून कुणी उपाशी उठून गेलं नाही ते ह्या शिकरणामुळे. त्यामुळे माझा पदार्थ फसलाय हे सांगायला तुम्हाला शिकरणच सापडलं ह्याचं मला वाईट वाटलं, पायपेक्षा जास्त शिकरणासाठी वाईट वाटलं.

आणि तुलना तरी बरोबर करायची ना! शिकरण म्हणजे न शिजवलेलं केळं आणि गार दूध, त्यात घट्ट करणारं काहीच नसतं, म्हणून ते केलं की लगेच खायचं, ठेवलं की काळं पडतं आणि पातळ होतं. पायमधलं कस्टर्ड म्हणजे शिजवलेला स्टार्च. कॉर्नफ्लोअरचे कण दुधात तापले की पाणी पिऊन फुगतात, फुगून एकमेकांना धरतात, आणि गार झाल्यावर त्याची वडीसारखी पकड बसते म्हणून सुरीने तुकडा कापता येतो. शिकरणाचा तुकडा कुणी कापलाय का आजवर? दोन्हीत केळं आणि दूध आहे म्हणून दोन्ही एकच म्हणायचं तर मग श्रीखंड आणि कढी पण एकच, दोन्हीत दही आहे.

केळ्याचं पण तसंच. शिकरणाला पूर्ण पिकलेलं, सालीवर काळे ठिपके आलेलं केळं लागतं, ते कुस्करलं जातं आणि साखर कमी लागते. पायला तसं केळं घेतलं तर संपलंच. पायला पिवळं धमक, देठाकडे अगदी जराशी हिरवट झाक असलेलं केळं, चकत्या अर्ध्या इंचाच्या, आणि कापल्या कापल्या कस्टर्डखाली गाडायच्या म्हणजे हवा लागत नाही. हवा लागली की केळ्यातलं एन्झाइम त्याला काळं करतं, सफरचंदाचं होतं तसंच. ह्यासाठी मी खंडेराव मार्केटमध्ये घड उलटासुलटा करून केळी निवडते आणि तिथला केळीवाला आता मला न विचारता “आजच्यासाठी की परवासाठी” म्हणतो. हे सगळं मूळ पोस्टमध्ये लिहिलेलं होतं, तुम्ही वाचलं असेल अशी आशा आहे.

आता “आधी स्वतः शिकून घ्या”. मी हा पाय कुठे शिकले ते सांगते. १९९७ ते १९९९ आम्ही ओहायोत होतो, ह्यांच्या कंपनीच्या कामासाठी. मी सव्वीस वर्षांची, पोटात मुलगी, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि मला गाडी चालवता येत नव्हती. आमच्या शेजारी सत्तरीच्या एक बाई एकट्या राहायच्या. त्यांनी पहिल्या आठवड्यात दार वाजवून जो पदार्थ हातात दिला तो बनाना क्रीम पाय होता, काचेच्या ताटलीत, वर फेसलेलं क्रीम. मला उलट्या होत होत्या, काहीच पोटात ठरत नव्हतं, आणि तो ठरला. नंतर दर गुरुवारी मी त्यांच्या ओट्याशी उभी राहून शिकले. आणि त्या बाई, ज्यांच्या तीन पिढ्या ओहायोत गेल्या, त्या कस्टर्ड कशाने करायच्या माहितीय? खोक्यातल्या व्हॅनिला पुडिंगच्या पावडरीने. क्रस्ट? ग्रॅहम क्रॅकर नावाची बिस्किटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून लाटण्याने चुरून, त्यात वितळलेलं लोणी. पाहुणे येणार असले तर त्या मैद्याचा क्रस्ट करायच्या, तोही शिकवला त्यांनी मला, पण घरच्यासाठी बिस्किटाचाच. हे मी तिथे उभी राहून बघितलंय, कुठल्या व्हिडिओत नाही. ग्रॅहम क्रॅकर बडोद्यात सहज मिळत नाहीत म्हणून मी मारी घेते, २०० ग्रॅम मारीला १०० ग्रॅम बटर आणि दोन चमचे (टेबलस्पून) ब्राऊन शुगर, आणि १७० डिग्रीवर दहा मिनिटं भाजते, नुसतं फ्रिजमध्ये थापून ठेवत नाही, भाजलं की बेस भिजत नाही.

अंड्याबद्दल. १९९९ ला परत आलो ते सासरी, कारेलीबागेत, तिथे अंडं घरात येत नाही. आमच्या मजल्यावर एक जैन कुटुंब, समोर वैष्णव. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला मी हा पाय केला तो सासूबाईंनी खाल्ला पाहिजे असा केला, आणि त्या नाही नाही म्हणत दोन तुकडे खाऊन वर अजून ताटली पुढे केली. त्यानंतर २५ वर्षांच्या वर झाली, दर ऑगस्टमध्ये पाय होतो. ज्या घरात अंडं चालत नाही त्या घराने काय करायचं, बनाना क्रीम पायचे फोटो बघायचे फक्त?

आणि कस्टर्ड पावडरला “भागवणं” म्हणू नका. इंग्लंडात बर्मिंगहॅमला अल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने १८३७ मध्ये ती काढली ती बायकोला अंडं सोसायचं नाही म्हणून. बायकोला कस्टर्ड आवडायचं आणि अंड्याने त्रास व्हायचा, तर ह्या माणसाने कॉर्नफ्लोअरचं कस्टर्ड बनवलं. म्हणजे जवळजवळ १९० वर्षांपूर्वी कुणीतरी घरातल्या एका माणसाला पानावरून उठावं लागू नये म्हणून केलेली गोष्ट आहे ती. मला तर हे वाचलं तेव्हा माझ्या सासूबाईच आठवल्या.

बरं, अंड्याने सेट होण्याची खात्री असते असं वाटत असेल तर तेही खरं नाही. कच्च्या पिवळ्यात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं ते स्टार्चला तोडतं. पिवळं घातलेलं कस्टर्ड नीट उकळी येऊन बुडबुडे फुटेपर्यंत शिजवलं नाही तर करताना घट्ट दिसतं आणि रात्रीत फ्रिजमध्ये पातळ होतं. अंडेवाल्या पायला दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं ते बरेचदा ह्याच कारणाने. ओहायोच्या त्या बाई म्हणायच्या घाबरून गॅस लवकर बंद करू नकोस.

नावाबद्दल पण एक सांगते. अमेरिकेत बॉस्टन क्रीम पाय नावाचा पदार्थ आहे, त्यात क्रस्टच नाही, तो दोन स्पंजच्या मध्ये कस्टर्ड घातलेला केक आहे, वर चॉकलेट. त्याला १९९६ पासून मॅसॅच्युसेट्स राज्याचं अधिकृत डेझर्ट केलंय. केकला पाय म्हणून राज्याचा मान देतात त्यांचं काही बिघडलं नाही आणि माझ्या मारीच्या बेसवर तुम्ही अडलात.

बडोद्यात बसून अमेरिकन पदार्थ शिकवण्याबद्दल: केळं इथलं आहे. भरूच, नर्मदा, आणंद, आमचा बडोदा जिल्हा, सगळीकडे केळीच्या बागा आहेत, आणि अमेरिकेतल्या दुकानात मी जी केळी घ्यायची ती बोटीने दुसऱ्या देशातून आलेली असायची. आणि आम्ही बडोद्याची मराठी माणसं रोज सकाळी लारीवर जी शेव उसळ खातो तिच्यात उसळ आपली आणि शेव गुजरातची, कुणी विचारत नाही कुणाला कुणी शिकवलं. ह्यावर ह्यापेक्षा जास्त लिहीत नाही.

राहिलं तुमचं पाणी. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवला असाल, मी ४ तास लिहिलंय आणि त्याच दिवशी खा असंही लिहिलंय. केळ्याला साखर लागली की ते पाणी सोडतंच. कस्टर्ड गार झाल्यावर परत ढवळलं असेल, सेट होत आलेलं कस्टर्ड ढवळलं की पकड तुटते आणि पाणी वेगळं होतं. वरचं क्रीम जर २५ टक्के फॅटचं पाकिटातलं घेतलं असेल तर ते फेटून उभं राहणारच नाही, ३० च्या वरचं व्हिपिंग क्रीम लागतं, मे महिन्यात तर भांडं आणि बीटरची पाती पण फ्रीजरमध्ये ठेवावी लागतात, इथे ४२ डिग्री असतं तेव्हा क्रीम बघता बघता पातळ होतं. लिंबू घातलं असेल केळ्यांना तर तेही मी सांगितलं नव्हतं. तुम्ही ह्यातलं काय केलं ते लिहिलंच नाहीत, नुसतं “पाणी” लिहिलंत, मग मी काय समजायचं.

मी हे लिहिताना आज सकाळी परत एकदा केला, खात्री करावी म्हणून, कारण तुमच्या एका वाक्याने मला रात्री झोप नव्हती. अर्धा लिटर फुल क्रीम दूध, त्यातलं अर्धा कप गार बाजूला काढून त्यात ५ टेबलस्पून पावडर कालवली, बाकीचं दूध साखर घालून उकळायला आलं की ते मिश्रण ओतलं, आणि उकळीचे जाड बुडबुडे फुटायला लागल्यावर पूर्ण एक मिनिट ढवळत राहिले, हात दुखेपर्यंत. गॅस बंद करून एक चमचा बटर. वर प्लास्टिक चिकटवून कोमट होऊ दिलं म्हणजे साय धरत नाही. दुपारी दोनला कापला, तुकडा उभा राहिला, फोटो खाली लावलाय. मग मनात आलं म्हणून छोट्या वाटीत तेच प्रमाण टीस्पूनने पण करून बघितलं, १०० मिली दुधाला १ टीस्पून पावडर. ते घट्ट झालं नाही. फ्रूट सॅलडवर ओततो तसं राहिलं.

तर तुम्ही कुठला चमचा वापरला होता तेवढं मला कळवा. आणि पोह्याचा वापरला असेल तर तेही सांगा, त्याचं माप मी घरी मोजून ठेवलंय, आमच्याकडचा ७ मिलीचा निघाला.