पुन्हा तेच: रेकॉर्ड की फाइल?

डीजेच्या टेबलावर लॅपटॉप दिसला रे दिसला की कोणीतरी सुनावतोच, "खरा डीजे रेकॉर्डवरच वाजवतो." वैताग आलाय या वाक्याचा! अहो, टेक्निक्सचं एसएल-१२०० टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, १९७२ साली आलं तेच मुळी घरी गाणी ऐकणाऱ्यांसाठी. डीजेंनी ते नंतर आपलंसं केलं. हाताशी येईल ते यंत्र कामाला जुंपायचं, हीच तर या कलेची परंपरा. मग फाइल वाजवली की ती बाटते कशी? आणि ते रेकॉर्डच्या 'उबदार' आवाजाचं पालुपद! आजच्या कितीतरी रेकॉर्ड डिजिटल मास्टरवरूनच, म्हणजे मूळ फाइलवरूनच, कापल्या जातात.

दुसऱ्या बाजूचेही काही कमी नाहीत. दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं सिंक बटण आहे, मग कानाने बीट जुळवायला शिकायचं कशाला, म्हणे. सॉफ्टवेअरने बीटग्रिड, म्हणजे गाण्यातल्या ठोक्यांच्या खुणा, चुकीची आखली की दोन गाण्यांच्या किक (ड्रमचे जड ठोके) एकमेकींवर आदळतात, तेव्हा बटण काय करणार? तिथे कानच लागतो.

टाइमकोड रेकॉर्डमुळे (तिच्यावर गाणं नसतं, लॅपटॉपमधली फाइल चालवणारा संकेत असतो) हात रेकॉर्डवर आणि गाणं फाइलमधलं, हे वीस वर्षांहून जास्त काळ चाललंय. तरी भांडण जागचं हलत नाही. समोर नाचणाऱ्यांकडे बघा की जरा! पुढचं गाणं कोणतं लावताय, त्यावर बोला माझ्याशी.