रांगेचेही पैसे, रांग चुकवायचेही पैसे

थीम पार्कच्या जाहिरातीत आजी-आजोबा कधीच नसतात, लक्षात आलंय का तुमच्या? चौकोनी कुटुंब असतं, चौघांचे केस जागच्या जागी, अंगावर घामाचा टिपूस नाही आणि मागे चिटपाखरू नाही. खाली लिहिलेलं असतं, 'संपूर्ण कुटुंबासाठी आरामदायी दिवस'. हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला माझ्यासमोर आणा. नाताळच्या सुट्टीत सासू, सासरे, दीर, जाऊ आणि पोरंबाळं बरोबर देऊन त्याला आत सोडते आणि संध्याकाळी विचारते, बाबा रे, आराम कुठल्या गेटनं आत गेला होता?

पार्कचं नाव घेत नाही. घेतलं की लगेच कुणीतरी म्हणणार, 'तिथे कशाला गेलात, त्या दुसऱ्याला जायचं ना.' दुसरं काय नि तिसरं काय, सगळीकडे तोच खाक्या.

आणि 'प्लॅनिंग करून जायचं' हा सल्ला मला कुणी देऊ नका. आमच्या घरात प्लॅनिंग म्हणजे मीच. नवऱ्याचं प्लॅनिंग म्हणजे गाडीत हवा भरून आणणं. बाकी तारीख ठरवण्यापासून ते बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, शुगरच्या गोळ्यांपर्यंत सगळं माझ्याकडे. 'वीकडेला जा, गर्दी नसते' म्हणणारे तर मला भेटायलाच हवेत. डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या सहलींचा हंगाम. मंगळवारी जा नाहीतर गुरुवारी, पार्किंगमध्ये सहलीच्या बसेस ओळीनं उभ्याच. पोरांवर राग नाही माझा. त्यांनी वर्षभर वाट बघितलेली असते आणि घसा बसलेल्या बाई बिचाऱ्या दर पाच मिनिटांनी डोकी मोजत असतात. पण मग पार्कवाल्यांना माहीत असतं ना, कुठल्या दिवशी किती शाळांचं बुकिंग आहे ते? तिकीट विकताना सांगा की! नाही सांगणार. सांगितलं तर आम्ही दुसरा दिवस घेऊ.

त्यात त्या रील्स. 'गेट उघडताच सगळ्यात मागच्या राइडकडे जा, पुढच्या राइड्सवर गर्दी होते.' ही गुप्त युक्ती अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलेली. गेट उघडलं तशी सगळी जनता ट्रॉल्या, बाळं, पाण्याच्या बाटल्या घेऊन मागच्या राइडकडे धावली. पुढची राइड तेवढा वेळ रिकामी फिरत होती.

पण धावायला आधी आत तर जायला हवं. ऑनलाइन तिकीट काढलं, पैसे भरले, क्यूआर कोड आला. म्हणजे सरळ आत? छे! आधी तो क्यूआर दाखवून मनगटाचा पट्टा घ्यायची रांग. मग बॅग तपासायची रांग. मग खाण्यापिण्यासाठी त्याच पट्ट्यात पैसे भरायची रांग, कारण आत रोख चालत नाही. ज्यांनी तिकीट आयत्या वेळी खिडकीवर काढलं ते आमच्या आधी आत. मी पंधरा दिवस आधी बुकिंग का केलं होतं, याचं उत्तर काउंटरवरच्या मुलाकडे नव्हतं. तो म्हणाला, 'मॅडम, ऑनलाइनवाल्यांची लाइन तिकडे.' तिकडची लाइन इकडच्या लाइनीच्या दुप्पट.

आता बॅगेचं ऐका. बाबांना मधुमेह. जेवणाची वेळ टळली की हात कापायला लागतात. म्हणून आईंनी दशम्या केल्या होत्या, बरोबर दाण्याची चटणी. स्टीलचा डबा. सिक्युरिटीच्या बाईंनी तो उघडला, दशमी उचकटून बघितली, खाली बॉम्ब असल्यासारखी, आणि बाजूच्या टेबलावर ठेवून दिला. 'बाहेरचं खाणं अलाऊड नाही. परत जाताना घ्या.' आई म्हणाल्या, 'अहो, पण दशम्या संध्याकाळी घेऊन काय करू?' उत्तर नाही. डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन दाखवलं तर म्हणे गोळ्या चालतील. म्हणजे साखर उतरवणाऱ्या गोळ्या आत नेता येतात, ती फार उतरू नये म्हणून लागतं ते खाणं नाही.

मग शेजारी उभा असलेला एक सूटबूटवाला मला सुप्रीम कोर्ट ऐकवायला लागला. मलाही माहीत आहे हो. जानेवारी 2023 मध्ये कोर्टानं सांगितलं की बाहेरचं खाणं अडवायचा हक्क सिनेमागृहाच्या मालकाला आहे. पण त्याच निकालात पिण्याचं पाणी फुकट द्यायचं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवायचं नाही हेही आहे. ते सोयीनं विसरायचं? आणि सिनेमा तीन तासांचा असतो. तीन तास माणूस काहीही न खाता बसू शकतो. इथे सकाळी दहाला आत घेता आणि संध्याकाळी सातला सोडता. मध्ये जेवण येतं, चहा येतो, पोरांची चार वेळा भूक येते. पाणी होतं म्हणा फुकट. स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून एक नळ, त्याच्यापुढे चिखल, आणि बाजूला थंडगार बाटल्यांचं चकाचक दुकान. कळतंय ना कुणाला काय कळायचंय ते?

पण माझं डोकं खरं फिरलं ते उंचीवरून.

मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर. साडेचार फुटांच्या आत असेल तर अर्ध्याच्या आसपास, वर गेला तर मोठ्या माणसाचं पूर्ण. माझा मुलगा पाचवीत आहे आणि अगदी त्या रेषेवर आहे. पट्ट्याच्या काउंटरशी भिंतीवर जिराफ रंगवलेला होता, त्याच्या मानेशी लाल रेघ. पोराला बुटांसकट उभं केलं. जाड सोलचे स्पोर्ट्‌स शूज. केस रेघेला टेकले. 'मॅडम, फुल तिकीट. डिफरन्स भरा.' मी म्हटलं, अहो बूट काढून मोजा. 'बुटांसकटच मोजतात.' भरला डिफरन्स. मागे माणसं खोळंबली होती, सकाळी सकाळी भांडण नको म्हणून भरला.

दुपारी त्याच पोराला घेऊन मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत उभे राहिलो. सव्वा तास. ऊन डोक्यावर, वरचा पत्रा अर्ध्या रांगेपुरताच. नंबर आला. तिथल्या मुलानं सांगितलं, 'चपला-बूट काढून रॅकमध्ये ठेवा.' ठेवले. मग त्यानं उंचीची काठी आडवी धरली. तीच साडेचार फुटांची रेघ. पोरानं मान ताणली, श्वास आत घेतला, टाचा उचलायला गेला तर तो मुलगा म्हणाला, 'टाचा खाली.' काठी आणि डोक्याच्या मध्ये बोटभर जागा. 'नाही जाता येणार. सेफ्टी आहे.'

सेफ्टीला माझा विरोध नाही. बोटभर कमी म्हणजे कमीच, पट्ट्यातून पोर सुटलं तर कुणाला विचारायचं? पण मग सकाळी तो मोठा कसा होता? पैसे घेताना बुटांसकट आणि बसवताना बुटांशिवाय? एक काहीतरी ठरवा ना! माझा मुलगा तिकिटापुरता मोठा आणि राइडपुरता लहान, आणि या दोन्हींच्या मध्ये जो डिफरन्स आहे तो तुमच्या गल्ल्यात. रांगेच्या तोंडाशी ती काठी का नाही? सव्वा तास उभं करून शेवटच्या पायरीवर पोराला परत पाठवता? त्याचे डोळे भरलेले, मागून एक काका ओरडतायत, 'अरे चला, पुढे व्हा.'

त्यावर कहर म्हणजे त्याला बाहेर कुणीतरी धरून उभं राहायला हवं, म्हणून मीही बाहेर. मी परत सव्वा तास लावायचा? अमेरिकेतल्या डिस्नीच्या पार्कांत यासाठी साधी सोय आहे. एक पालक बसून येतो, तोवर दुसरा मुलाजवळ थांबतो, आणि मग दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग न लावता सोडतात. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. आपल्याकडे विचारलं तर राइडवरचं पोरगं माझ्याकडे असं बघायला लागलं, जणू मी त्याच्या पगारातला वाटा मागितला.

आणि ती सव्वा तासाची रांग मुळात सव्वा तासाची का होती? जावेची मुलगी सातवीत आहे, गणितात पक्की. कंटाळून तिनं उभ्या उभ्या हिशेब घातला. गाडीत 24 जणं. दर तीन मिनिटांनी एक गाडी सुटते. तासाला 480. आठ तास अखंड चालली तरी दिवसाला 3840 माणसं. 'काकू, आज इथे आठ हजार लोक असतील तर निम्म्यांना एकदाही बसायला मिळणार नाही ना?' नाही मिळणार, बाळा. हे तुला कळलं, तिकीट विकणाऱ्यांना कळत नसेल? तिकीट विकताना कुणी जागा मोजत नाही. एसटीतसुद्धा कंडक्टर एका मर्यादेनंतर घंटी मारतो.

आता फास्ट पास नावाचं प्रकरण. त्या 24 जागांतल्या पुढच्या 12 त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या. जवळपास तिकिटाएवढेच पैसे वर भरा आणि बाजूच्या दारानं या. म्हणजे आमच्या रांगेला उरल्या 12, आमची रांग निम्म्या वेगानं सरकणार. जितके फास्ट पास विकले जातील तितकी आमची रांग लांबणार, आणि जितकी आमची रांग लांबेल तितके आणखी लोक वैतागून फास्ट पास घेणार. काय डोकं आहे! आधी कोंडमारा विकायचा आणि मग त्याच माणसाला त्यातून सुटका विकायची. दर वीस मिनिटांनी एक टी-शर्टवाला मुलगा रांगेत येऊन हसत हसत विचारत होता, 'मॅडम, एक्स्प्रेस अपग्रेड?' त्याला बरोबर माहीत होतं, कुठल्या वळणावर माणूस मोडतो. बाबा खाली एकटे बसलेले असताना, पोरगी 'शू आली' म्हणत असताना.

हाही धडा तिकडून घेतलेला. डिस्नीनं 1999 मध्ये फास्टपास काढला तेव्हा तो तिकिटातच होता. वेळेची चिठ्ठी घ्या, त्या वेळेला या, मधल्या वेळात फिरा. 2021 पासून त्याच सोयीचे वेगळे पैसे लावले. आपल्या लोकांनी मधली फुकटची वीस-बावीस वर्षं गाळून थेट शेवटचं पान उचललं.

आणि फुकटचे फास्ट पासवाले वेगळेच. एक बाई लहान मुलाचा हात धरून रांगेत उभी राहते, आणि नंबर जवळ आला की दांड्यांखालून वाकून तिचं अख्खं गणगोत येतं. 'आमची माणसं पुढे आहेत हो.' तुमची माणसं म्हणजे एक बाई आणि एक पोर होतं, आता चौदा झाले! बोललं तर, 'अहो ताई, फिरायला आलाय ना, एवढं काय मनाला लावून घेता?' माझी जाऊ शांत बाई आहे, पण त्या दिवशी तिनं बॅग आडवी लावून वाट अडवली. मला तिचा फार अभिमान वाटला.

लहानपणी आम्ही गोराईला एस्सेलवर्ल्डला गेलो होतो. 1989 मध्ये सुरू झालेलं ते, लाँचनं खाडी ओलांडून जायचं. रांगा तेव्हाही होत्या, पण पैसे फेकून आमच्या डोक्यावरून पुढे गेलेला माणूस मला आठवत नाही. सगळ्यांचं ऊन सारखं होतं.

आई-बाबांचं तर बोलायलाच नको. दोघांची तिकिटं काढली, चार पैशांची सवलत घेऊन. बसणार कुठल्या राइडवर? 'हृदयविकार, मधुमेह, पाठदुखी असणाऱ्यांनी बसू नये' ही पाटी प्रत्येक दारावर. बरं, नाही बसत. मग सावलीत बाकावर तरी बसू द्या! बाक शोधून दाखवा. जिथे सावली तिथे दुकान, जिथे खुर्ची तिथे 'ओन्ली फॉर कस्टमर्स'. बाबांनी बसायला मिळावं म्हणून तीनदा चहा घेतला, एकदाही पिण्यासाठी नाही. त्यांच्या तिकिटावरही 18 टक्के जीएसटी होता. 2018 च्या आधी तर 28 टक्के होता, म्हणजे सरकारनं या पार्कांना कसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींच्या पंगतीला बसवलं होतं. मला ते आता फारसं चुकीचं वाटत नाही. जुगारातही घरी जाताना असंच वाटत असेल.

त्यात दोन राइड्स बंद. दोरी बांधून पाटी लावलेली, 'मेंटेनन्स'. करा की मेंटेनन्स, केलाच पाहिजे. पण दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली राइड त्या दिवशी सकाळी झोपेतून उठून बंद पडत नाही. तिकिटाच्या पानावर एक ओळ टाकायला काय जातं? त्या पानावर टी-शर्टची जाहिरात टाकायला बरी जागा मिळते.

संध्याकाळी बाहेर पडायची वाट दुकानातून, हे सांगायला नकोच. पोरांनी मऊ अस्वलाला मिठी मारली, तिथून त्यांना सोडवायला वेगळी लढाई. बाहेर दशम्यांचा डबा मिळाला. दिवसभर उन्हातल्या टेबलावर होता, उघडल्यावर वास आला. आईंनी झाकण लावलं आणि काही बोलल्या नाहीत.

मग पट्टा परत करायची रांग. माझ्या पट्ट्यात 180 रुपये उरले होते. काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, 'मॅडम, राहू द्या ना, वर्षभर व्हॅलिड आहेत. परत याल तेव्हा वापरता येतील.' म्हटलं, परत येणार नाही, रोख दे. म्हणाली, सुट्टे नाहीत. म्हटलं, आण. मागून कुणीतरी चुकचुकलं, 'अहो, सोडा ना एवढ्याशासाठी.' नाही सोडत. मॅनेजर आला, खालच्या दुकानातून सुट्टे आणले, मी उभ्या उभ्या मोजून पर्समध्ये टाकले. माझ्यामुळे कुणाची दहा मिनिटं गेली असतील तर जाऊ देत.