लघवी हिरवी झाली म्हणजे तांबं गेलं?

काल रात्री ताईने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘पोरीच्या गोळ्या थांबवून बघू का?’ माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीला विल्सनचा आजार आहे (यात शरीरात तांबं साठत जातं), म्हणून हसून सोडून देता आलं नाही. फॉरवर्डचं म्हणणं असं: यकृत ही गाळणी, तीत तांबं अडकतं, सात दिवस सकाळी हिरवा रस प्या, लघवी हिरवट होईल, तेच तांबं, मग गोळ्या कशाला?

गाळणी वगैरे काही नसतं. यकृताच्या पेशीत एटीपी७बी नावाचं प्रथिन असतं. तांबं बेताचं असेल तेव्हा हे प्रथिन पेशीतल्या गॉल्जी नावाच्या भागात बसून सेरुलोप्लाझमिन या रक्तात जाणाऱ्या प्रथिनामध्ये तांबं भरतं. तांबं वाढलं की एटीपी७बी तिथून उठतं, लायसोसोमच्या पिशव्यांपाशी जातं आणि त्यांत तांबं लोटतं. पिशव्या पेशीच्या पित्ताकडच्या कडेला सरकतात आणि पित्तात रिकाम्या होतात. तांबं उतरलं की स्वारी परत गॉल्जीत. पोलिशचुक आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘डेव्हलपमेंटल सेल’मध्ये हा लायसोसोमचा मार्ग दाखवला. विल्सनच्या आजारात याच प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं. कोणता रस ते दुरुस्त करणार?

आता ती हिरवी लघवी. निरोगी माणसाच्या दिवसभराच्या लघवीत तांबं साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं, उपचार न घेतलेल्या विल्सनच्या रुग्णात बहुधा १०० च्या वर. म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा! एवढ्याने लिटर-दीड लिटर लघवीला रंग चढतो? रंग आलाच, तर तो रसाचा.

लघवीवाटे तांबं काढता येतं, एवढं मात्र मान्य करावं लागेल. पण ते काढते पेनिसिलामाइनची गोळी, तांब्याला धरून. म्हणजे जी गोळी हे काम करते, तीच बंद करा म्हणे! (जस्ताच्या गोळीचं काम वेगळं, ती आतड्यातच तांबं अडवते.) गोळ्या सोडलेल्या रुग्णांचं यकृत अचानक निकामी झाल्याच्या नोंदी आहेत, तेही आधी बरे दिसत असताना. फॉरवर्डमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

ताईला रात्रीच फोन केला. सकाळची उपाशीपोटीची गोळी पोरीने घेतली, असं आज तिने कळवलंय. पुढच्या महिन्यात चोवीस तासांच्या लघवीची तपासणी आहे. तिथे आकडा कळेल.