सीए हिंज, पिनचे हिंज आणि तुमचा आक्षेप

नमस्कार. दीड मीटर पंखाच्या बाल्सा ट्रेनरला, म्हणजे बाल्साच्या हलक्या लाकडाच्या शिकाऊ रेडिओ-कंट्रोल मॉडेल विमानाला, सीए हिंज लावा, असं मी लिहिलं होतं. सीए हिंज म्हणजे पंख आणि एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) यांच्या खाचांत बसवून सीएने, म्हणजे झटपट धरणाऱ्या सायनोअॅक्रिलेट गोंदाने, चिकटवायची लवचीक पट्टी. तुमचं म्हणणं, हा आळशीपणा आहे, चिकटवलेली पट्टी कधी ना कधी सुटणारच; नवशिक्याला पहिल्यापासून पिनचे हिंज (मधे पिन असलेली बिजागरी) आणि इपॉक्सीच (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) शिकवा. शिवाय एलेरॉन फडफडून तुटतात तेही या पट्ट्यांमुळेच.

पट्ट्या सुटतात, मान्य. पण सुटलेली पट्टी एकदा नीट बघा. बहुतेक वेळा ती कोरी निघते, लाकडाचा एक तंतूही तिला चिकटलेला नसतो. म्हणजे सीए आत पोचलाच नव्हता. पट्टीच्या दोन्ही अंगांना कापडासारखा थर असतो, तो सीए शोषून खोलवर नेतो. पण त्यासाठी सीए पाण्यासारखा पातळ हवा. लोक जाड सीए वापरतात, वर ॲक्सिलरेटर (सीए झटकन गोठवणारं रसायन) फवारतात. मग तो तोंडाशीच गोठतो. खाचेवरचं कव्हरिंग (विमानावर ताणलेली फिल्म) कापायचं राहिलं तरी तेच. खाचेच्या मधोमध दीड मिलिमीटरचं भोक पाडा, एकेक थेंब सोडा, थेंब जिरला की पुढचा. मग उलटून दुसऱ्या बाजूनेही. पावसाळ्यात सीए लवकर धरतो, तेव्हा सगळे हिंज आधी बसवून, फट जुळवूनच बाटली उघडायची. शेवटी एलेरॉन जोर लावून ओढून बघायचा. इथे दयामाया नको.

पन्नास सीसीच्या पेट्रोल मॉडेलला मीही पिनचेच हिंज लावीन. ट्रेनरला मात्र नाही. सगळ्या पिना एका रेषेत याव्या लागतात. एक जरी तिरकी बसली तरी एलेरॉन जड फिरतो आणि सर्व्हो (एलेरॉन हलवणारी छोटी मोटर) जागच्या जागी गुणगुणत बॅटरी खातो. सांध्यात इपॉक्सी शिरू नये म्हणून व्हॅसलीन लावायचं, तेही कडेला सांडलं की इपॉक्सी धरत नाही. पहिलंच विमान बांधणाऱ्यावर हा व्याप कशाला?

फोमच्या विमानावर हिंजऐवजी लावलेल्या टेपला तुम्ही पोरखेळ म्हणालात. डेप्रॉन नावाच्या थर्माकोलसारख्या फोम-शीटची कड तिरपी कापून लावलेला टेप छान चालतो, आणि साधा सीए तर थर्माकोल विरघळवतो.

फडफडीबद्दल मात्र मी अजिबात सहमत नाही. घट्ट बसलेल्या हिंजचा त्यात फारसा हात नसतो. हॉर्नचं (एलेरॉनवरच्या खुंटाचं) भोक सैल, पुशरॉड (सर्व्हो आणि हॉर्न जोडणारा दांडा) लांब आणि लवचीक, सर्व्होच्या गिअरमध्ये खेळ (ढिलेपणा), एलेरॉनचं सगळं वजन हिंजच्या मागे: खरी कारणं ही. मोठ्या विमानांतही म्हणूनच कंट्रोल सरफेसला (एलेरॉनसारख्या हलत्या भागांना) हिंजच्या पुढे वजन जोडतात. रुंद फटीतून पंखाखालची हवा वर निसटते, त्यामुळे एलेरॉनचा असरही घटतो. एलेरॉन पूर्ण वर करून खालच्या अंगाने फटीवर पारदर्शक टेप लावला की काम झालं.

उडताना फडफडीची घरघर ऐकू आली तर लगेच थ्रॉटल कमी करून उतरवा. मग सर्व्हो चालू ठेवून एलेरॉनची मागची कड बोटाने हलवा आणि खेळ कुठे आहे ते शोधा. हिंज नंतर बघू.