हमालाला कसलं डाएट? घामाच्या हिशोबातल्या चुका

कोल्हापुरात मार्केट यार्डापासून शिरोलीच्या फौंड्रीपर्यंत मोबाइलवर एक मजकूर फिरत असतो. शब्द बदलतात, मतलब तोच. अंगमेहनत करणारा दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी जाळतो. दिवसभर उभं राहणं हाच व्यायाम. भट्टीसमोर घाम गळतो म्हणजे चरबीच वितळते. म्हणून कष्टकऱ्यानं खाण्याचा विचार करू नये, आणि वेगळा व्यायाम तर नाहीच नाही. यात अर्धं खरं असं एकच आहे: खरोखर जड कामाला जास्त अन्न लागतं. किती जास्त, तिथेच गणित चुकलंय.

“पाच-सहा हजार कॅलरी जळतात”

६० किलोचा माणूस दिवसभर नुसता पडून राहिला तरी शरीर चालवायला साधारण १४५० कॅलरी (खाण्याच्या हिशोबातली कॅलरी, म्हणजे किलोकॅलरी) खर्च होतात. कष्टाचं काम महिनोन्महिने करणाऱ्यांचा एकूण खर्च याच्या दुप्पट ते फार तर २.४ पट जातो, म्हणजे ३५०० च्या आत. राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे आकडे तेच सांगतात: ६५ किलोच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी २११०, मध्यम कामासाठी २७१० आणि जड कामासाठी ३४७० कॅलरी. ५५ किलोच्या बाईसाठी हेच आकडे १६६०, २१३० आणि २७२०. सहा हजार म्हणजे चारपटीच्या वर. तेवढा खर्च फ्रान्सच्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीत होतो, आणि शर्यत संपली की ते लोक विश्रांती घेतात. हमालाला दुसऱ्या दिवशी परत गाडी रिकामी करायची असते. शिवाय सहा हजार जाळायचे तर तेवढे पोटात जायला हवेत. ८० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साधारण २७५ कॅलरीची. करा भागाकार, बावीस भाकऱ्या होतात.

आता एक पोतं जवळून बघू. साखरेचं ५० किलोचं पोतं दोघांनी पाठीवर दिलं, हमाल वीस मीटर चालला, फळीवरून दोन मीटर चढून थप्पीवर टाकलं आणि रिकामा परत आला. स्वतःचे ६० आणि पोत्याचे ५० असं ११० किलो वजन दोन मीटर वर नेण्याचं निव्वळ यांत्रिक काम निघतं अवघी अर्धी कॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता वीस टक्क्यांच्या आसपास, बाकीची ऊर्जा उष्णता म्हणून जाते, म्हणून शरीराला ते पडतं अडीच कॅलरीला. जाण्या-येण्याचे चाळीस मीटर आणि जाताना पाठीवरचं ओझं यांचे पावणेदोन धरा. एका पोत्याला सव्वाचार झाले. दोनशे पोती, म्हणजे एका पाठीवरून दहा टन माल, तर साडेआठशे-नऊशे कॅलरी. दहा टन! आणि बदल्यात सव्वातीन भाकऱ्या. अंगमेहनतीची ही किंमत ऐकायला कडू वाटते, पण भौतिकशास्त्र हमालीचे दर बघत नाही.

हाच हिशोब दुसऱ्या बाजूनं तपासता येतो. कामाची तीव्रता ‘मेट’मध्ये मोजतात. शांत बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे एक मेट, ढोबळमानानं दर किलोला तासाला एक कॅलरी. खुर्चीतलं काम दीड मेट, साधं चालणं तीन-साडेतीन, गवंडीकाम चारच्या थोडं वर, जड ओझं वाहणं सात-आठ. नऊ तासांच्या पाळीत हमाल सात-आठ मेटचं काम नऊ तास करत नाही. गाडी यायची असते, काट्यावर रांग असते, पावती होत नाही, मध्ये चहा होतो. खरं ओझं तीन तास, हलकी उचल-ठेव दोन तास, बाकी चार तास बसणं-थांबणं असं धरलं तर ६० किलोच्या माणसाला पाळीचे १९८० होतात. ऑफिसात बसणाऱ्याचे तेवढ्याच वेळात साधारण ९००. झोप आणि घरचा वेळ मिळवला की हमालाचा दिवस ३२०० च्या आसपास, ऑफिसवाल्याचा २१५० च्या. फरक हजार-अकराशेचा. म्हणजे पोत्यांच्या हिशोबाशी जवळपास जुळतो. फरक मोठाच आहे, पण सहा हजार कुठे आणि हे कुठे.

ऊसतोडीलाही हेच लागू. ३५ किलोची मोळी डोक्यावर घेऊन शिडीनं अडीच मीटर चढायचं, ५५ किलोच्या माणसाला एका खेपेचे अडीच-पावणेतीन कॅलरी, टनाला ७५-८०. ही झाली फक्त भरणी. वाकून कोयता चालवणं, वाढे छाटणं, मोळी बांधणं वेगळं. फडातली बाई हे सगळं करून वर खोपीवर चूल पेटवते, पाणी आणते. फिरणाऱ्या मजकुरात ती कुठेच नसते. तिच्या बाबतीत काळजी जाड होण्याची नाही, २७२० कॅलरी पोटात जातात का याची आहे.

“दिवसभर उभं राहतो, म्हणजे व्यायाम झाला”

या दाव्यात सगळ्यात जास्त माणसं फसतात, कारण ‘कष्टाची’ म्हणवली जाणारी बरीच कामं प्रत्यक्षात दोन-अडीच मेटची असतात. हुपरीत चांदीवर बसून काम करणारा, रापी घेऊन चप्पल घडवणारा, दुकानात काउंटरमागे उभा राहणारा, ट्रक चालवणारा, गोकुळ शिरगावात सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या यंत्रावर, जॉब लावणारा. दमणूक खरी. पाठ जाते, मान आखडते, डोळे जळतात. पण दमणूक आणि कॅलरी या दोन वेगळ्या वह्या आहेत. हात एकाच जागी ताणून धरला की स्नायू आकसलेला राहतो, त्यातला रक्तप्रवाह दबतो आणि पाच मिनिटांत जळजळ सुरू होते. बाहेरून बघितलं तर काम शून्य, खर्च किरकोळ.

६५ किलोच्या माणसानं सहा तास बसण्याऐवजी उभं राहून काढले तर जास्तीचा खर्च सुमारे ५४ कॅलरी. दोन चमचे साखरेचा एक कप चहा त्याहून जास्तीचा, साधारण ७० चा. सीएनसी ऑपरेटर उभं राहतो, जॉब चढवतो-उतरवतो, फिरतो. त्याची पाळी ऑफिसपेक्षा साधारण साडेतीनशेनं जास्त भरते. पाळीत पाच चहा झाले की मिटलं.

“भट्टीसमोर घाम गळतो, चरबी वितळते”

घाम म्हणजे पाणी आणि मीठ. एक लिटर घाम वाळताना जवळजवळ ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो हे खरं आहे, आणि हाच आकडा लोक उलटा वाचतात. ती उष्णता शरीरानं चरबी जाळूनच तयार केली असं नाही. फौंड्रीत वितळलेलं लोखंड १४०० अंशांच्या वर असतं. अंगावर येते ती त्याची धग, आणि शरीर ती बाहेर टाकायला घाम काढतं. पाळीनंतर काट्यावर दोन किलो कमी दिसले तर ते पाणी आहे, संध्याकाळी प्यालात की परत आलं.

चरबी उतरतेय म्हणून पाणी कमी प्यायचं, हा या समजुतीचा सगळ्यात वाईट परिणाम. उष्णतेत काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, सुमारे २४० मिली पाणी प्यावं. एकदम लिटरभर ढोसू नये. तासाला साधारण १.४ लिटरच्या वर जाऊ नये, नाहीतर रक्तातलं मीठ पातळ होतं. मीठ जेवणातून मिळतं, पण जेवण चुकलं असेल तर मीठ घातलेलं ताक चालतं. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडतंय.

“घड्याळातच पाच हजार दिसतात”

मनगटावरचं घड्याळ कॅलरी मोजत नाही. ते नाडी मोजतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. उष्णतेत रक्त कातडीकडे वळवावं लागतं, म्हणून काम तेवढंच असलं तरी नाडी वाढते, आणि घड्याळ समजतं गडी पळतोय. खात्री करायची तर व्यायामाचा मोड लावून भट्टीजवळ दहा मिनिटं नुसतं उभं राहा, मग तेवढाच वेळ सावलीत. दोन आकड्यांतला फरक म्हणजे धगीची करामत. ग्राइंडरचा थरथराट आणि हातोड्याची घट्ट पकड यांनीही मनगटावरचं मोजमाप बिघडतं. आणखी एक घोळ: घड्याळ ‘एकूण’ दाखवतं तेव्हा त्यात झोपेतसुद्धा होणारा खर्च मिळवलेला असतो. तो कामाच्या खात्यावर टाकू नका.

पावलांचंही तसंच. दहा हजार पावलं म्हणजे साधारण सात किलोमीटर, ६० किलोच्या माणसाला जास्तीच्या फक्त दोनशे-सव्वादोनशे कॅलरी.

“कष्टकऱ्यानं काहीही खाल्लं तरी पचतं”

पचतं, पण जमाही होतं. फरसाण, तर्री आणि ब्रेडसकट मिसळीची भरलेली प्लेट सातशेच्या आसपास जाते. त्यावर चार चहा टाका, हमालाची ती हजार कॅलरीची कमाई सकाळीच खर्ची पडली. कट्ट्यावरचं अर्धा लिटर म्हशीचं दूध पाचशेच्या वर. कुस्ती मेहनतीची म्हणून पैलवानाला चालतं. तालीम सुटली आणि खुराक तोच राहिला की काय होतं, ते पेठांत बघायला मिळतं. हमालाचा तोलाईदार झाला, मोल्डरचा सुपरवायझर झाला, कंबर दुखावून तीन महिने घरी बसला, तरी तेच. काम एका दिवसात कमी होतं, भूक तेवढी पटकन होत नाही.

पश्चिम बंगालमधल्या एका ज्यूट गिरणीतल्या कामगारांवर १९५६ साली पोषणतज्ज्ञ जाँ मेयर आणि सहकाऱ्यांनी अभ्यास प्रसिद्ध केला होता. हलक्यापासून जड कामाकडे जाताना खाणं कामाबरोबर वाढत होतं. पण अगदी बैठे लोक हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते, आणि वजनही त्यांचंच जास्त होतं. थोडंफार हलणाऱ्याची भूक कामाशी जुळवून घेते, पार बसून राहणाऱ्याची तेवढी नाही.

याच्या बरोबर उलटा मजकूरही फिरतो: टांझानियातले शिकारी हाड्झा लोक दिवसभर पायपीट करूनही शहरी माणसाइतकीच ऊर्जा खर्चतात, म्हणून कष्टानं काहीच जळत नाही. २०१२ च्या त्या मोजणीत शरीराचा आकार जमेस धरल्यावर एकूण खर्च सारखा आला होता, हे खरं. शरीर वाढलेल्या हालचालीची काही भरपाई इतरत्र काटकसर करून करतं, असा त्याचा अर्थ लावतात. पण काही भरपाई म्हणजे सगळी नव्हे. पोत्यामागचे सव्वाचार कुणाला चुकत नाहीत.

“काम हाच व्यायाम”

इथे लंडनच्या दुमजली बसचा दाखला देतात: १९५३ साली ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांनी दाखवलं की जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त. पण त्याच गटानं १९५६ साली गणवेशाच्या पॅन्टींची मापं पाहिली तेव्हा ड्रायव्हरांच्या कंबरा नोकरीला लागतानाच मोठ्या निघाल्या. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला नाही. कोपनहेगनमध्ये १ लाख ४ हजार लोकांवरचा अभ्यास २०२१ साली आला. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयाचे झटके कमी होते, कामावर जड मेहनत करणाऱ्यांना उलट जास्त. कारण पटण्यासारखं आहे. व्यायाम अर्धा-पाऊण तास, मग विश्रांती. काम आठ-नऊ तास, रक्तदाब चढलेला, उचल एकाच बाजूनं, आणि दम खायची वेळ गाडीवाला ठरवणार.

म्हणून हमालानं संध्याकाळी जोर-बैठका काढाव्यात असं नाही. त्याला रंकाळ्यावर ओझ्याशिवाय वीस-तीस मिनिटं सैल चालणं, कंबर-मांडीचे ताण आणि पुरेशी झोप जास्त उपयोगाची. दोन-अडीच मेटवाल्यांना मात्र दम लागेल असा व्यायाम हवाच.

स्वतःचा हिशोब

दोन दिवस पाळीत दर पंधरा मिनिटांनी वहीत एक खूण करा: बसलो, उभ्यानं काम, चाललो, ओझं. प्रत्येकाचे तास काढा, त्यांना अनुक्रमे १.५, २, ३ आणि ७ नं गुणा, बेरजेला आपल्या वजनानं गुणा. आठवणीवर भरू नका. आठवणीत ओझ्याचे तीन तास सहा होतात. चहा-साखर वेगळी लिहा, तिथेच सगळ्यात जास्त गळती असते. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाहून आल्यावर, काही खायच्या आधी. पाळी सुटल्यावर गोदामाच्या काट्यावर उभं राहू नका, तिथे दिसतो तो दिवसभरचा घाम.