धण्याचे चार तुकडे कोणी मोजले?

पावसाळा तोंडावर आला की तो मेसेज येतोच. यंदा आमच्या ग्रुपवर तीन वेळा आला. म्हणणं असं: मुंग्या पावसाळ्याची बेगमी करतात, साठवलेलं धान्य रुजू नये म्हणून दाण्याचे दोन तुकडे करतात, धणा अर्धा केला तरी उगवतो, म्हणून त्याचे चार करतात, राणीच्या हुकुमावर सगळ्या चालतात आणि वाट कधी चुकत नाहीत.

धण्यापासून सुरुवात करू, कारण तिथे निम्मं खरं आहे. डब्यातला एक धणा घेऊन अंगठ्याखाली रगडा. दोन फाका होतील, आतून होडीसारख्या खोलगट. धणा हे खरं तर फळ आहे आणि प्रत्येक फाकेत एक अख्खं बी असतं. कोथिंबीर लावणारे धणे रगडूनच पेरतात ते यासाठी. म्हणजे ‘अर्धा धणा’ उगवतो यात नवल काहीच नाही. चार तुकड्यांचं शेपूट मात्र कुणीतरी मागाहून जोडलेलं दिसतं.

दाणे कुरतडण्याची गोष्ट तर व्हॉट्सअ‍ॅपच्या कितीतरी आधीची. रोमन लेखक प्लिनीने ती पहिल्या शतकातच लिहून ठेवली आहे. बी साठवणाऱ्या मुंग्या असतात, पण त्या मुख्यतः कोरड्या, गवताळ मुलखात. त्या टरफलं काढतात आणि भिजलेलं धान्य बाहेर आणून वाळत टाकतात. सगळेच दाणे आधी फोडून ठेवले असते, तर मोड आलेलं बी बाहेर टाकायची वेळच त्यांच्यावर आली नसती.

दमट जंगलात तर नेमकं उलट घडतं. पेरूमधल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलात कॅम्पोनोटस फेमोराटस नावाच्या मुंग्या ठरावीक वनस्पतींचं बी वासावरून ओळखतात, उचलतात आणि झाडावरच्या आपल्या घरट्याच्या भिंतीत अख्खंच खोचतात. ते तिथेच रुजतं. मुळं घरट्याच्या मातीत पसरून ती धरून ठेवतात आणि फांदीवर एक टांगती बागच उभी राहते. मेसेजमधल्या मुंगीला ज्या कोंबाची भीती, त्याच्याच जोरावर या मुंग्यांचं घर टिकतं.

बेगमीचं म्हणाल, तर पनामाच्या जंगलातल्या लष्करी मुंग्यांकडे कोठार सोडाच, घरसुद्धा नसतं. रात्री हजारो मुंग्या एकमेकींच्या पायांत पाय अडकवून स्वतःच्या अंगांचाच गोळा करतात. राणी आणि पिल्लं त्याच्या आत. सुमारे 15 दिवस मुक्काम हलत राहतो, मग सुमारे 20 दिवस एकाच जागी तळ. हे वेळापत्रक राणी ठरवत नाही. अळ्या खात्या झाल्या की फौज निघते, त्या कोशात गेल्या की थांबते. हुकूम म्हणायचाच तर तो पाळण्यातून सुटतो!

राणीचं इतकं कौतुक असेल तर आंब्याच्या झाडावर पाहा. गोवा-कोकणात हुमले म्हणतात त्या तांबड्या मुंग्या पानं शिवून घरटं करतात. (लांबूनच पाहा, चावतात आणि चावलेल्या जागी आम्लही सोडतात.) एका पानाच्या कडेवर रांग लावून त्या दुसऱ्या पानाची कड जबड्यात धरतात. अंतर जास्त असेल तर एक दुसरीची कंबर पकडते आणि साखळी लांबत जाते. जिथे पान हलायला लागतं तिथे आणखी मुंग्या जमतात. मग एखादी जबड्यात अळी धरून येते, तिचं तोंड आधी या कडेला टेकवते, मग त्या कडेला. अळीच्या तोंडून पांढरं रेशीम निघतं आणि टाका पडतो. एका वसाहतीची अशी डझनावारी घरटी कित्येक झाडांवर असतात आणि राणी त्यांतल्या एखाद्यातच. बाकीच्या घरट्यांत शिवणकाम करणारीला ती दिसतही नाही. डायाकामा या आपल्याकडच्या मुंग्यांत तर वेगळी राणीच नसते. कामकरी मुंग्यांतलीच एक अंडी घालते.

राहिलं वाट न चुकणं. विल्यम बीबी या अमेरिकी निसर्गअभ्यासकाने 1921 साली गयानातल्या लष्करी मुंग्यांची हकिकत लिहिली. एक तुकडी मूळ फौजेपासून तुटली आणि पुढचीच्या वासामागे जात स्वतःच्याच शेपटाला येऊन मिळाली. वर्तुळाचा घेर 1,200 फूट, एका फेरीला अडीच तास. बहुतेक जणी चालता चालताच मेल्या. शेवटी काही जणी वाटेवरून भरकटल्या, तेव्हा कुठे ते चक्र मोडलं.